डीजेच्या आधीचा तास

[उंटाचे पाय, अगदी जवळून]
उंट उठतो तो आधी मागच्या पायांवर. वर बसलेला माणूस पुढे कोसळतो की काय असं वाटतं, तोवर पुढचे पाय उभे राहतात. नागपूरच्या महालातून आलेल्या काकूंनी डोळे घट्ट मिटलेत. त्यामुळे सम गावची पहिली वाळूची टेकडी त्यांनी पाहिलीच नाही. जैसलमेरपासून सम सुमारे ४० किलोमीटर.

[सूर्यास्त. निवेदन नाही.]

[तंबूंचं रिंगण, मधला चौक, गाद्या-लोड]
रात्रीच्या ताटात दाल-बाटी आणि केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तिची इथे भाजी होते. काकूंनी दोनदा वाढून घेतली.

[कमायचा. गजावरून वाद्याच्या पोटाकडे]
आता जरा थांबू. चौकाच्या कडेला जाजमावर जे वाद्य उभं धरलंय, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाहीये. हा कमायचा. आंब्याच्या लाकडाचं गोल, कोरलेलं पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं. मुख्य तारा आतड्याच्या, बाजूला तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या, पोलादी तारा. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस. सारंगीपेक्षा याचा आवाज जाड, थोडा घोगरा, गळा बसलेल्या माणसाने अंगाई म्हणावी तसा.

[वादकाची बोटं]
वाजवणारे मांगणियार, म्हणजे इथला पिढीजात गवयांचा समाज. धर्माने मुसलमान, यजमान बहुतेक राजपूत. यजमानाच्या घरी बारसं असो की लग्न, गाणं यांचंच; आपल्याकडे लग्नानंतर गोंधळी येतात तसं. गाण्यांत कृष्ण येतो, देवी येते, सूफी पदंही येतात. गाणं लिहून ठेवायची रीत नाही. मूल खडतालच्या, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या, आवाजात झोपतं आणि त्याच आवाजात शिकतं. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी या गवयांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, त्यांना परदेशी मंचांवर नेलं. जवळच्याच हमीरा गावचे साकर खाँ आयुष्यभर कमायचा वाजवत राहिले. २०१२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१३मध्ये ते गेले.

[म्हातारा वादक, शेकोटीचा उजेड]
एका तंद्रीत आमच्या कॅम्पवरच्या म्हाताऱ्या वादकाने गज लांबवला. शेजारी पोरगा खडताल वाजवत होता, म्हणजे दोन्ही हातांत लाकडाच्या दोन-दोन पट्ट्या. काकू पुढे सरकून बसल्या.

[कालबेलिया नृत्य, काळे घागरे]
कालबेलिया २०१०मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. इथे ते दहा मिनिटांचं असतं.

[स्पीकर, लाल-निळे दिवे]
मग डीजे. कॅम्पला ग्राहक टिकवायचे असतात, आणि आमच्यातलीच चार पोरं सगळ्यांत आधी नाचायला उठली, हे चित्रीकरणात आहे.

[कमायचा कापडात गुंडाळला जातो]
पलीकडच्या कॅम्पवर अजून एक कार्यक्रम आहे.

[पहाट. थंड वाळूवर किड्याच्या पावलांची नक्षी]
चहाच्या वेळी काकूंनी विचारलं, "तो सारंगीवाला कुठं गेला जी?"
कॅम्पवाला म्हणाला, "वो तो रात को ही चले गए."
काकूंनी वाळूत इकडेतिकडे पाहिलं. पावलं वाऱ्याने पुसली होती.