जुनी डिझेल गाडी बघायला पहाटे जा

राम राम मंडळी! कापसाचे, केळीचे पैसे हातात आले की आपल्याकडे जुनी छोटी डिझेल गाडी बघायला निघतात. आणि बघतात कधी? भर दुपारी. तिथंच फसगत होते, भो.

मी स्वतः फसलोय. मे महिन्यात गाडी बघितली, एका सेल्फमध्ये चालू झाली, घेऊन आलो. डिसेंबरात पहाटे शेतावर निघालो, तर सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. थंडीत इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग गेलेले आणि कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाबही, कमी. जळगावच्या उन्हाळ्यात हे कळतच नाही, हवाच तापलेली असते.

म्हणून मालकाला आदल्या दिवशीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत फिरा, दुसऱ्या दिवशी या.

बॉनेट उघडून सेल्फ मारायला लावा आणि कान द्या. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या डिझेल गाड्यांत फियाटचं मूळ डिझाइन असलेलं १२४८ सीसीचं इंजिन आहे. व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवायला त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. पहिले काही सेकंद साखळी खुळखुळावी तसा आवाज आला नि थांबला, तर चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर ढिला झालाय असं समजा. ऑईल वेळेवर बदललं नाही की बहुतेकदा हेच होतं. चेननं दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग हेडही खोलावं लागू शकतं.

गाडी चालू असतानाच ऑईलचं झाकण सैल करा. थोडी वाफ चालते. पण झाकण थडथड उडायला लागलं, भकाभका धूर आला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. अशी गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. काळा धूर आणि पिकअप नाही, तर आशा सोडू नका. बऱ्याचदा टर्बोचा होज (हवेचा रबरी पाइप) फाटलेला किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीनं बुजलेला असतो. चाळीसगावकडचे असाल तर कन्नड घाट चढवून बघा, सपाटीला हे लपतं.

डिपस्टिकवर काळं ऑईल दिसलं तर घाबरू नका, डिझेलचं काळंच असतं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय.

गाडी बघायला गेलात की सकाळच्या त्या पहिल्या सेल्फचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवा. मी ऐकून सांगतो.