चार पुलांचा हिशेब: व्हेनिस, एकट्यानं आणि पायी

सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरलं की समोर थेट पाणी लागतं. हा ग्रँड कॅनाल. जेमतेम पावणेचार किलोमीटर लांबीचा, उलट्या 'एस' अक्षरासारखा वळत शहराचे दोन तुकडे करणारा. व्हेनिसमध्ये लहानमोठे चारशेहून जास्त पूल आहेत, पण या कालव्यावर फक्त चार: बसस्थानकाजवळचा २००८ सालचा कोस्तितुत्सिओने, स्टेशनसमोरचा स्काल्त्सी, मध्यावरचा रिआल्तो आणि दक्षिणेकडचा लाकडी आक्कादेमिया. दिवसाचा सगळा बेत या चारांवर ठरतो. नकाशावर पलीकडच्या काठावर अगदी समोर दिसणारं चर्च पूल चुकला तर वीस-पंचवीस मिनिटं लांब असतं.

निघण्यापूर्वी दोन कामं. सामान स्टेशनवरच्या सामानघरात ठेवा. इथे जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत आणि एकट्या माणसाची बॅग उचलायला दुसरा हात नसतो. आणि तारीख तपासा. २०२४ पासून वसंतात व उन्हाळ्याच्या सुरुवातीला ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावं लागतं. आधी काढलं तर ५ युरो, ऐनवेळी १०. शहरात मुक्काम असेल तर शुल्क माफ आहे, मात्र सूट मिळाल्याचा क्यूआर कोड ऑनलाइन काढून जवळ ठेवावा लागतो.

आता रस्ता शोधण्याबद्दल. फोनवर फार विसंबू नका. गल्ल्या इतक्या अरुंद आणि भिंती इतक्या उंच, की निळा ठिपका खुशाल कालव्याच्या पलीकडे जाऊन बसतो. त्यापेक्षा कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पिवळ्या पाट्या बघा: 'पेर रिआल्तो', 'पेर सान मार्को', 'फेर्रोविया' म्हणजे स्टेशन. कधी एकाच भिंतीवर एकाच ठिकाणाकडे जाणारे बाण दोन्ही दिशांना दिसतात. दोन्ही खरे असतात. गल्लीच्या नावापुढे 'कोर्ते' किंवा 'रामो' असेल, तर पुढे बंद अंगण किंवा थेट पाणी निघण्याची शक्यता मोठी. 'फोन्दामेंता' म्हणजे काठाकाठानं जाणारी वाट, तिथे सरळ चालता येतं.

पत्त्यात गल्लीचं नाव नसलं तर गोंधळू नका. पुण्यात 'सदाशिव पेठ' आणि पुढे आकडा असतो तशीच इथली पद्धत. शहराचे सहा भाग आहेत आणि प्रत्येक भागात घरांचे आकडे एकापुढे एक चालत राहतात. कास्तेल्लो या भागात ते साडेसहा हजारांच्याही पुढे जातात. शेजारचा आकडा पुलाच्या पलीकडे असू शकतो. म्हणून हॉटेल किंवा संग्रहालय शोधताना गल्लीचं नाव आणि जवळच्या चौकाचं नाव वेगळं लिहून घ्या.

सकाळी बहुतेक गर्दी स्टेशनवरून तडक सान मार्को या मुख्य चौकाकडे धावते. अर्ध्या-पाऊण तासाची ती वाट आहे आणि दहानंतर तिथे पाऊल ठेवायला जागा राहत नाही. आपण चौक संध्याकाळसाठी ठेवू. स्टेशनमधून डावीकडे निघा, गुल्ये पूल ओलांडा आणि लगेच डावीकडे वळा. पुढे एका बुटक्या बोळातून आत शिरलं की गेत्तो. १५१६ साली व्हेनिसच्या सत्तेनं इथल्या ज्यूंना या छोट्या बेटावर कोंडलं. रात्री फाटकं बंद व्हायची. माणसं वाढली, जागा वाढेना, म्हणून घरं वर चढत गेली. इथल्या इमारतींचे मजले मोजा, मग छतं किती बुटकी असतील याचा अंदाज येतो.

तिथून उत्तरेकडचा लांब, सरळ काठ धरायचा: ओर्मेसीनी आणि पुढे मिझेरिकोर्दिया. हा शहरातला सगळ्यात निवांत भाग. याच बाजूला पोन्ते कियोदो हा कठडा नसलेला पूल आहे. पूर्वी इथले बरेचसे पूल असेच होते. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर मात्र फोटोसाठी पाय टाकू नका. भरती ओसरली की उघड्या पडणाऱ्या खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं, आणि एकटं असताना घसरलं तर ओढायला कोणी नसतं. पुलांच्या कडेचा पांढरा दगडही पावसात साबणासारखा होतो. रबरी तळव्याचे बूट हवेत.

सांता सोफियाच्या छोट्या चौकातून ग्रँड कॅनाल ओलांडायला त्रागेत्तो मिळतो. साधी, न सजवलेली गोंडोला, दोन वल्हेकरी, दोन मिनिटांचा प्रवास. पर्यटकांना २ युरो, सुटे द्या. पाण्यावरच्या बसचं एकेरी तिकीट साडेनऊ युरोंचं आहे, तेव्हा हा सौदा उत्तम. उतरता ते थेट रिआल्तोच्या मासळीबाजारात. बाजार बाराच्या आसपास आवरतो, रविवारी आणि सोमवारी बंद असतो.

जेवण इथेच, उभ्यानं. एकट्याला टेबल मागितलं तर जागेचे म्हणून 'कोपेर्तो'चे दोन-तीन युरो वेगळे लागतात. बाकारो नावाच्या छोट्या गुत्त्यांत काउंटरवर चिक्केत्ती मांडलेले असतात: पावाच्या चकतीवर काहीतरी ठेवलेले छोटे घास. चार-पाचांत पोट भरतं. शाकाहारी असाल तर सावध राहा. पांढरा, मऊ, लोण्यासारखा दिसणारा लेप चीजचा वाटतो, पण तो बहुधा बक्कला मान्तेकातो असतो, म्हणजे तेलात घोटलेला वाळवलेला कॉड मासा. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे', म्हणजे मांस नको, मासा नको, हे दोन्ही म्हणा. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर मासा येतो. कॉफीसुद्धा काउंटरशी उभं राहूनच प्या. बसलात की दर बदलतो, आणि सान मार्कोत वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचेही पैसे बिलात येतात.

पाणी विकत घेऊ नका. चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरून घ्या. चौकाच्या मधोमध दिसणारी कोरीव दगडी कड मात्र जुन्या पाणीसाठ्याची. खाऱ्या खाडीत गोडं पाणी कुठून आणायचं? चौकाखाली मातीनं लिंपलेला खड्डा, त्यात वाळू. पावसाचं पाणी वाळूतून गाळून मधल्या विहिरीत यायचं. नळाचं पाणी शहरात १८८४ मध्ये आलं, तोवर व्हेनिस पाऊस पीत होतं. सार्वजनिक स्वच्छतागृहं मोजकी आणि साधारण दीड युरोंची आहेत. कॉफी घ्याल तिथलंच वापरलेलं बरं.

दुपारी 'फ्रारी'च्या पाट्या धरा. या चर्चच्या मुख्य वेदीवर चित्रकार तित्सियानचं १५१८ सालचं प्रचंड चित्र आजही मूळ जागीच आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पुढे सांता मार्गेरिताचा मोठा चौक, मग पोन्ते देई पुन्यी. या पुलावर शहरातले दोन गट ठोशांच्या लढाया करायचे आणि हरलेला कालव्यात पडायचा. पायरीवर पांढऱ्या दगडात पावलांच्या खुणा आहेत, तिथे लढवय्ये उभे राहत. १७०५ साली बंदी आली. तिथून दक्षिणेला त्सात्तेरेचा रुंद, उन्हाचा काठ. पाय थकलेले असतील तर इथे बाकावर बसा. पुलाच्या पायऱ्यांवर किंवा सान मार्कोत जमिनीवर बसून खाल्लं तर दंड होतो.

ऑक्टोबर ते फेब्रुवारीत आलात तर भरतीचा अंदाज सकाळीच पाहा. ११० सेंटिमीटरपर्यंत पाणी चढेल असा अंदाज असेल तर खाडी समुद्राला मिळते तिथे 'मोसे'ची, म्हणजे भरती अडवणारी, दारं उभी राहतात. २०२० पासून ती चालू आहेत. पण सान मार्को हा शहरातला सगळ्यात सखल भाग. तिथे त्याहून कमी भरतीतही गटारांतून पाणी वर येतं. ते काही तासांत ओसरतं, म्हणून दिवस रद्द करू नका, फक्त क्रम बदला. लाकडी फळ्यांच्या वाटा टाकल्या असतील तर उजव्या बाजूनं चाला आणि फोटोसाठी मधेच थांबू नका, मागची सगळी रांग अडते.

आक्कादेमिया पूल ओलांडून पाचनंतर सान मार्कोत पोचाल तेव्हा दिवसाचे पर्यटक परतीला लागलेले असतात. बॅसिलिका, म्हणजे चौकातलं मोठं चर्च, आतून पाहायची असेल तर मात्र साडेचारच्या आतच पोचा आणि मोठी सॅक नेऊ नका. समोरचा घंटामनोरा जुना दिसतो. मूळ मनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला, आताचा १९१२ सालचा.

परतताना पाय साथ देत नसतील तर ते साडेनऊ युरो आता खर्च करा. एक नंबरची बोट ग्रँड कॅनालमधून प्रत्येक थांबा घेत सावकाश स्टेशनला नेते, तिकीट ७५ मिनिटं चालतं. पलीकडे मुख्य भूमीवर मेस्त्रेला मुक्काम असेल तर पुढे गाडीनं दहा-बारा मिनिटं. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड भरावा लागतो.