खोकडाच्या कानांकडे बघा

निमंत्रणावर ‘शिकार करणाऱ्या खोकडाचं छायाचित्रण : कॅमेरा आणि सेटिंग’ असं छापलंय. सेटिंगकडे येतोच. आधी गाडीच्या इंजिनाबद्दल बोलू द्या, कारण खरा घोळ तिथे आहे.

खोकड म्हणजे आपल्या माळावरचा छोटा कोल्हा, दोन-तीन किलोचं जनावर, पण कान केवढाले! गवतात शिकार शोधताना त्याची मुख्य भिस्त त्या कानांवर असते. उंदीर जरा खसफसला की ते जागच्या जागी थबकतं. दोन्ही कान पुढे वळतात, मान किंचित इकडे, किंचित तिकडे कलते. दोन कानांवर आवाज पोचण्यात जो बारीक फरक पडतो, त्यावरून ते जागा पक्की करतं. आणि नेमकी त्याच वेळी आपली डिझेल गाडी चाळीस पावलांवर धडधडत असते. कान मागे फिरतात, खोकड चार पावलं टाकतं, पुन्हा थांबतं, शेवटी कंटाळून निघून जातं. मग गाडीतले म्हणतात, ‘फार लाजाळू आहे हो.’ लाजाळू नाही, त्याला तुमच्यामुळे ऐकू येत नाहीये! (हशा)

तेव्हा इंजिन बंद. बंद म्हणजे बंद, ‘एसीपुरतं चालू राहू दे’ नाही. इंजिन चालू असलं की दरवाजावर टेकवलेली लेन्सही थरथरते, ते वेगळंच.

दुसरं दुखणं म्हणजे चिकनचे तुकडे. तुकडा टाकून खोकड जवळ येतं, फोटोही मिळतो, पण तो शिकारीचा नसतो, पंगतीचा असतो. शिवाय ते गाड्यांना सरावतं आणि रस्त्यावर चिरडलं जातं. बर्फात सूर मारणाऱ्या कोल्ह्याचे व्हिडिओ बघून पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या किंवा कडबनवाडीच्या माळांवर जाणाऱ्यांनाही सांगतो, तो तांबडा कोल्हा, थंड मुलखातला. आपलं खोकड बराच वेळ नाकतोडे, भुंगेरे, वाळवी टिपण्यात घालवतं, हंगामात बोरंही खातं. झेप बघायची असेल तर ज्यांच्या तोंडाशी ताजी माती पडलेली आहे अशी उंदरांची बिळं हेरा आणि परवानगीच्या रस्त्यावरच, सूर्य पाठीशी उगवेल अशा बेताने, उजाडायच्या आत येऊन थांबा. माळावर गाडी घातलीत तर हीच बिळं चाकाखाली जातात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. बरं, सेटिंग. वही काढा.

झेपेसाठी शटर १/२००० सेकंद, चालण्यासाठी १/८०० पुरे. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता ऑटोवर, मर्यादा ६४००. दाणेदार फोटो साफ करता येतो, हललेला नाही. फोकस सतत मागोवा घेणारा ठेवा. प्राणी ओळखणारी सोय चांगली आहे, पण कुसळी गवताची काडी आडवी आली की फोकस काडीवर जातो. तेव्हा फोकसच्या एका छोट्या चौकोनावर या. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावाल, पण सेन्सर चित्र ओळीओळीने संथ वाचणारा असेल तर झेपेत पाय वाकडे येतात. आधी घरच्या पंख्यावर तपासा. लेन्स टेकवायच्या पिशवीत, म्हणजे बीन बॅगेत, तांदूळ भरा, खिडकी अर्धी खाली, लेन्स जितकी खाली तितकी बरी. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत नुसती पाठ आणि गवत येतं.

बटण कधी दाबायचं? कान पुढे, मान स्थिर, मागचे पाय पोटाखाली गोळा झाले की लगेच. उडाल्यावर दाबलंत तर काळ्या टोकाची शेपटीच मिळेल. आधीपासून दाबून धरलंत तर बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, भरतो आणि ऐन झेपेला कॅमेरा अडकतो. आणि झूम थोडा मागे घ्या, वर आणि पुढे जागा सोडा, नाहीतर डोकं चौकटीबाहेर जातं.

ऊन तापलं की आवरा. जमिनीवरची हवा थरथरते, मग कितीही महागडी लेन्स असो, लांबचं सगळं पुसटच येतं.

शेवटचं. फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लांचे दिवस. तेव्हा बिळासमोर गाडी लावू नका. नर-मादी तोंडात भक्ष्य धरून लांबच ताटकळतात, आणि तुम्हाला शिकारही दिसत नाही, ती भलतीकडेच झालेली असते. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, हॉल साडेआठला सोडायचाय.