पिशवीवर महाबळेश्वर, पिशवीत काय?

(दृश्य : महाबळेश्वरची मुख्य बाजारपेठ. संध्याकाळ. दुकानांचे दिवे लागतायत.)

वेण्णा लेकवर नौकाविहार झाला, पॉइंट बघून झाले, मुलांचा घोडाही झाला. आता गाडी निघायच्या आधीचे दोन तास बाजारपेठेचे. शेजारच्या काकूंना काहीतरी न्यायचंय, ऑफिसात वाटायला काहीतरी हवंय. रिकाम्या हातानं घरी परतायची आपल्याकडे पद्धतच नाही.

आणि बाजारात काय नाही? नाव कोरून मिळणारी की-चेन, रंगीत लाकडी खेळणी, पितळेचे दिवे, लोकरीचे स्वेटर, चिक्कीचे डबे, सतरा चवींचे चणे. यातलं बरंचसं आपल्यासारखंच घाट चढून वर आलेलं असतं. स्वेटर लुधियानाचा असण्याची शक्यता जास्त, पितळ मुरादाबादचं. अशीच मांडणी मसुरीच्या मॉल रोडवर दिसते, उटीतही दिसते. बदलतं ते फक्त पिशवीवरचं नाव.

मग गिऱ्हाईक विचारतं, "काका, हे इथलंच ना?"

"इथलंच की ताई! शंभर टक्के."

या प्रश्नाला दुसरं उत्तर कधी मिळालंय का? त्यात दुकानदाराचाही फारसा दोष नाही. प्रश्नच असा की त्याचं एकच उत्तर येणार. त्यापेक्षा विचारावं, कोणी केलं? कशाचं केलं? कोणत्या महिन्यात केलं? मग उत्तर देणारा क्षणभर थांबतो. त्या थांबण्यावरूनही बरंच कळतं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, नकाशे. माल्कम पेठ.)

'इथलं' म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, असं आपण धरून चालतो. महाबळेश्वराचं देऊळ आणि कृष्णेचा उगम असलेलं क्षेत्र जुनं आहे, पण आपण खरेदी करतो ते गाव तसं नवंच. १८२९ च्या करारानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी ही जागा इंग्रजांना दिली आणि वाईजवळचं खंडाळा गाव बदल्यात घेतलं. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते जॉन माल्कम. पेठेला नाव त्यांचंच, माल्कम पेठ.

त्यानंतर काही वर्षांतच इथे एक तुरुंग उभा राहिला. कैदी होते चिनी आणि मलायी, मलाक्का-सिंगापूरच्या बाजूनं काळ्या पाण्यावर पाठवलेले. साधारण १८३४ ते १८६४ अशी तीस वर्षं हा तुरुंग होता. जुन्या गॅझेटियरमध्ये या कैद्यांच्या कामाची नोंद आहे. त्यांनी विलायती भाज्यांचे मळे पिकवले आणि वेताच्या टोपल्या विणल्या. हवा खायला आलेले साहेब त्या टोपल्या विकत घेत. म्हणजे महाबळेश्वरच्या पहिल्या-वहिल्या 'आठवण म्हणून न्यायच्या' वस्तूंपैकी एक, समुद्रापलीकडून बेड्या घालून आणलेल्या माणसांनी घडवली.

स्ट्रॉबेरीही इंग्रजांच्याच काळातली पाहुणी. तेव्हा वंशावळ तपासत बसलो तर इथलं असं फारच थोडं उरेल. आम्ही आपली कसोटी सोपी ठेवली. माल या डोंगरात पिकलेला असावा, किंवा काम या डोंगरात झालेलं असावं. दोन्ही असेल तर उत्तम.

या कसोटीवर सगळ्यात वर येतो तो मध.

(दृश्य : झाडाखाली ठेवलेल्या मधपेट्या. जवळून : पेटीच्या तोंडाशी माश्यांची ये-जा.)

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळानं २०२२ मध्ये या गावाला 'मधाचं गाव' म्हणून जाहीर केलं. मंडळाचं मध संचालनालयही महाबळेश्वरातच आहे. इथल्या पेट्यांमध्ये असते ती सातेरी माशी. रानात ती झाडाच्या ढोलीत घर करते, अंधार आवडतो तिला, म्हणून पेटीत रमते. आग्या माशी वेगळी. ती कड्याला, उंच झाडाला उघड्यावर पोळं टांगते आणि कोणाच्या पेटीत राहत नाही. त्यामुळे कोणी 'आमच्या पेटीतला आग्या मध' म्हणायला लागला, तर हसून पुढं जावं.

आता जरा जवळून बघू. मधपाळ झाकण उचलतो. धुराचा हलका झोत देतो, माश्या खाली सरकतात. पेटीचे दोन मजले आहेत. खाली राणीचा आणि पिल्लांचा संसार, वर मधाचं कोठार. वरच्या मजल्यातली एक चौकट तो दोन बोटांनी अलगद उचलून उन्हात धरतो. भरलेल्या कप्प्यांवर मेणाची पांढुरकी झाकणं बसलीत. फुलातून आलेला रस पातळ पाण्यासारखा असतो. माश्या पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवतात आणि मध पिकला की वर मेण लावून टाकतात. झाकण बसलेली चौकट काढायची, नसेल तर परत ठेवायची. घाई केली तर मधात पाणी राहतं, मध आंबतो आणि बाटली उघडताना फस्स करतो. नियमानं मधात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही.

पुढचं काम सुरीचं. गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीनं मेणाची पापडी उतरवायची, चौकटी मधयंत्रात उभ्या करायच्या आणि हातानं दांडा फिरवायचा. गरगर फिरताना मध बाहेर फेकला जातो आणि पिंपाच्या कडेनं खाली ओघळतो. पोळं शाबूत राहतं, तेच परत पेटीत जातं. पूर्वी पोळं पिळून मध काढत. त्यात पिल्लं चिरडायची, परागही मिसळायचा आणि वसाहतीचा सत्यानाश व्हायचा.

म्हणून महिना विचारायचा. या डोंगरावर पावसाळ्यात साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. माशी बाहेर पडत नाही, पडली तरी फुलात काही हाती लागत नाही. त्या दिवसांत मधपाळच तिला साखरेचा पाक देऊन जगवतो. त्यात लबाडी नाही, ते पशुपालनच आहे. पण तो काळ मध काढायचा नाही. जांभूळ, हिरडा, गेळा यांचा बहर उन्हाळ्यातला. कारवी फुलते पावसाच्या अखेरीस, तीही सात-आठ वर्षांतून एकदा. त्यामुळे दरवर्षी, बारा महिने, हव्या तेवढ्या बाटल्या 'कारवी मध' कुठे मिळत असेल, तर हिशोब तुम्हीच करा.

लेबलवर एकाच फुलाचं नाव असलं की भाव चढतो. जांभळाच्या बहरात मुख्यतः जांभळाचा मध मिळू शकतो, नाही असं नाही. पण माशीला कुंपण नसतं. 'मिश्र फुलांचा' असं सरळ लिहिणारा मला जास्त खरा वाटतो.

आणि जाता जाता, मधुमेह असलेल्या काकांसाठी जांभूळ मध घेऊ नका. तो जांभळाच्या बियांचा नाही, फुलातल्या रसाचा आहे, आणि कोणताही मध म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त साखरच.

(दृश्य : रस्त्याकडेला बादली, त्यात पोळ्याचा तुकडा.)

आता ही बादली. वर पोळ्याचा तुकडा तरंगतोय, दोन-चार माश्याही चिकटल्यात. बघणाऱ्याला वाटतं, याहून मोठा पुरावा कोणता? पण पोळं खरं आणि खालचं पातळ खोटं, असं सहज असू शकतं. मग कोणी काडी पेटवून दाखवतो, कोणी पाण्यात थेंब सोडतो, कोणी कागदावर. हे सगळे खेळ आहेत. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं १३ ब्रँडचा मध तपासून घेतला, तेव्हा एनएमआर नावाच्या प्रगत चाचणीत फक्त ३ टिकले. नेहमीच्या प्रयोगशाळेलाही चकवेल असा पाक बाजारात आहे, तिथे काडेपेटी काय सांगणार? घट्ट होऊन साखरेसारखा दाणा धरला म्हणून मध भेसळीचा ठरत नाही, हेही लक्षात असू द्या. शुद्ध मधही थंडीत गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा वितळतो.

मग घ्यायचा कुठून? ज्याच्या पेट्या बघता येतात त्याच्याकडून, नाहीतर मधपाळांच्या सहकारी संस्थेतून किंवा मंडळाच्या विक्री केंद्रातून. बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच आणि काढल्याची तारीख बघून.

(दृश्य : स्ट्रॉबेरीचे वाफे. काळ्या-चंदेरी मल्चिंग कागदातून डोकावणारी पानं.)

स्ट्रॉबेरीबद्दल मी थोडक्यात बोलेन, कारण ती स्वतःच स्वतःची जाहिरात करते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. ते मानांकन फळाला आहे. सिरप, लिप बाम, स्ट्रॉबेरीच्या आकाराचा साबण, यांना नाही.

फळ घेताना देठाजवळ बघा. तिथे पांढरं असेल तर ते लवकर तोडलंय आणि घरी ठेवून गोड होणार नाही, कारण स्ट्रॉबेरी केळ्यासारखी तोडल्यावर पिकत नाही. डबा उलटा करून खालचा थरही बघा. वरच्या रांगेत नेहमी टपोरी फळं असतात, हे सांगायला नको.

जॅमच्या बाटलीवर मात्र थांबू या. आपल्या अन्न सुरक्षा नियमांनुसार जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ लागतं. अपवाद स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीचा, त्यांना २५ टक्के पुरतं. म्हणजे बाटलीवर कितीही लालबुंद चित्र असलं, तरी आत एक चतुर्थांश फळ असलं की नियम पाळला गेला! घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते. पहिलं नाव साखरेचं आहे की स्ट्रॉबेरीचं, एवढं वाचायला पाच सेकंद लागतात. छोट्या घरगुती उत्पादकांपैकी काहींच्या यादीत फळ पहिलं असतं. असा जॅम कमी चकचकीत दिसतो आणि जरा महाग पडतो. तो घ्यावा.

(दृश्य : चपलांचं दुकान. मागच्या बाजूला आरी चालवणारे हात.)

चपला. दुकानांच्या रांगा आहेत, आणि इथे गोंधळ सगळ्यात जास्त. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. त्यात सातारा जिल्हा आहे. म्हणजे महाबळेश्वरात खरी कोल्हापुरी मिळणं गैर नाही. पण प्रत्येक पट्ट्याची चप्पल कोल्हापुरी नसते. खऱ्या चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, हाच तो हिरडा, ज्याच्या फुलावर आपली सातेरी बसते. शिवण कातड्याच्या वादीची असते, खिळा नसतो. तळ वाकवून कडेला बघा. कातड्याचे थर एकावर एक दिसले पाहिजेत. पुठ्ठ्याचा थर किंवा रबराची पट्टी दिसली, तर ती चप्पल वाईटच असं नाही, पण भाव त्याप्रमाणे करा.

माझी स्वतःची पारख याहून सोपी आहे. दुकानदाराला म्हणावं, "अंगठा जरा घट्ट होतोय, सैल करून द्याल?" ज्याच्याकडे आरी, रापी, फर्मा ही चप्पल करणाऱ्याची हत्यारं आहेत, तो लगेच चप्पल हातात घेतो. ज्याच्याकडे फक्त गोदाम आहे, तो म्हणतो, "वापरून सैल होईल."

(दृश्य : बुरूडकाम. बांबूच्या कामट्या, अर्धी विणलेली टोपली.)

टोपल्या, सुपं, छोट्या परड्या. साहेबांसाठी विणल्या गेलेल्या वेताच्या टोपल्यांचा काळ गेला, पण खालच्या गावांतून येणारं बुरूडकाम आठवडी बाजारात अजून दिसतं. पर्यटकांच्या दुकानात ते क्वचितच पोचतं, कारण त्याच्यावर 'महाबळेश्वर' लिहायला जागा नसते. टोपली हातात घेऊन बुडाकडून बघा. बूड सपाट बसलं पाहिजे आणि काठाचा वेढा बोटानं दाबला तर हलता कामा नये. एकदा झटकूनही बघा. बारीक पिवळसर भुसा पडला तर बांबूला कीड लागलीय, घरच्या फर्निचरलाही लागू शकते. भावात घासाघीस करणारे लोक इथे जरा जास्तच शूर होतात. की-चेनला सांगितलेला भाव निमूट देणारा माणूस टोपलीवाल्या मावशींकडे वीस रुपये सोडवत बसतो, हे बघवत नाही.

उरलेल्या वस्तूंबद्दल एवढंच, की आवडली तर घ्या. मुलाच्या नावाची की-चेन त्याला आवडेलच. फक्त ती महाबळेश्वरची म्हणून घेऊ नका. त्यातली अक्षरं तेवढी इथे कोरलेली.

(दृश्य : पसरणी घाट, उतरणारी वाहनं.)

खरेदीचा क्रम सांगतो. मध आणि चपला आधी, स्ट्रॉबेरी सगळ्यात शेवटी, पाचगणी सोडताना. डबे डिकीत टाकू नका. घाट उतरून वाईला येईपर्यंत डिकी तापते आणि खालचा थर दबून रस सोडतो. पायाशी सपाट ठेवा. घरी गेल्यावर सगळी फळं एकदम धुऊ नका, खायच्या वेळी खायची तेवढीच धुवा. दोन दिवसांत संपणार नसतील, तर मऊ पडलेली वेगळी काढून साखर आणि लिंबू घालून मंद आचेवर शिजवा. त्या जॅममध्ये फळ किती, हे नियमावली बघून ठरवावं लागत नाही.