जुन्या ९११ची काच गळतेय? रबर नंतर, आधी पत्रा बघा

नमस्कार मंडळी! मागे उभी आहे ती पोर्शे ९११, जी मॉडेल. म्हणजे १९७४ ते १९८९ यांच्या मधली. आज तिच्या पुढच्या काचेचं रबर बदलायचंय. पुण्या-मुंबईच्या गॅरेजात ज्याला बीडिंग म्हणतात, तेच.

जर्मनीत राहणाऱ्या आपल्या लोकांनी हौसेनं अशा गाड्या घेतल्यात, आणि त्यांची तक्रार बहुतेक एकच असते: पाऊस पडला की पायाखालचं कार्पेट ओलं. लगेच काचेवर आळ घेऊ नका. सनरूफ असेल तर त्याच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्यात का ते आधी बघा. दरवाज्याच्या खालच्या कडेला भोकं असतात, तीही काडीनं साफ करा. दरवाज्याच्या काचेवरून पाणी दरवाज्याच्या पोटात उतरणारच, ते खालून बाहेर पडलं म्हणजे झालं. ती भोकं बुजली की नवीन रबर लावूनही गाडी ओलीच.

हे सगळं ठीक असेल, तर मग काच.

[कॅमेरा काचेच्या खालच्या कोपऱ्यावर]

इथे बघा. रबर दगडासारखं कडक झालंय, कोपऱ्यात भेगा आहेत. ऊन आणि हवेतला ओझोन, दोघं मिळून हे करतात. हे रबर वाचवायचा प्रयत्न करू नका. धारदार पातं घ्या, बाहेरची कड सरळ कापून टाका आणि काच अलगद बाहेर काढा. हातमोजे घाला. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटायचं मात्र नाही. का ते सांगतो.

१९७६च्या मॉडेलपासून पोर्शेनं ९११च्या बॉडीला जस्ताचा लेप द्यायला सुरुवात केली, म्हणून लोक बिनधास्त असतात. पण मधल्या वर्षांत कुणीतरी एकदा काच बदललेली असते, घाईत स्क्रूड्रायव्हर घातलेला असतो, आणि रबराखाली ओरखडा पडून राहतो. वरचं रबर पाणी धरून ठेवतं. बाहेरून गाडी चकाचक आणि आत चौकटीची कड सडतेय. तुमच्या गाडीत ते खालच्या दोन कोपऱ्यांत असण्याची शक्यता जास्त, कारण पाणी तिथेच साचतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की हे काम रबराचं कमी आणि पत्र्याचं जास्त आहे. रबर चढवायला एक दुपार पुरते. पत्र्याला वेळ द्या. तारेच्या ब्रशनं गंज काढा, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत. मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि रंग पूर्ण कडक होईपर्यंत थांबा. ओल्या रंगावर रबर बसवलं तर ते रंगाला चिकटून बसतं. बोट आरपार गेलं, तर लांबी भरून झाकू नका, वेल्डिंगवाल्याकडेच जा. ही चौकट गाडीच्या ताकदीचा भाग आहे, टीयूव्हीच्या, म्हणजे जर्मनीतल्या गाड्यांच्या सक्तीच्या, तपासणीत तिथला सडका पत्रा अंगाशी येऊ शकतो. ३० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला मिळणारी एच नंबरप्लेटही गाडी चांगल्या अवस्थेत असली तरच मिळते. आणि हो, ग्राइंडर रविवारी चालवू नका. इथे रविवारची शांतता लोक फार मनावर घेतात, शेजारच्या आजी दारात हजर होतील.

आता गमतीचा भाग.

[टेबलावर काच, तिच्याभोवती नवीन रबर]

रबर आधी काचेला बसवायचं, गाडीला नाही. स्वस्तातलं रबर कोपऱ्यात नीट वळत नाही, तिथे फट राहते, त्यामुळे इथे पैसे वाचवू नका. ही अॅल्युमिनियमची पट्टी दिसतेय ना? ती काच गाडीत जायच्या आधीच रबराच्या खाचेत बसवावी लागते. अख्ख्या कामातला सगळ्यात तापदायक टप्पा हाच. पट्टी एकदा मुडपली की ती खूण जात नाही. दोघांनी धरा, घाई नको.

मग चार-पाच मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी घ्या. रबराची जी खाच चौकटीच्या कडेवर बसते, त्या खाचेत ती सगळीकडून फिरवा. दोन्ही टोकं खाली मध्यभागी एकमेकांवरून वीतभर पुढे न्या आणि आत लोंबकळत सोडा. खाचेला साबणाचं पाणी लावा. ग्रीस, व्हॅसलिन नको, हल्लीचं बहुतेक रबर ईपीडीएमचं असतं आणि पेट्रोलियमनं ते फुगतं.

एकानं बाहेरून काच जागेवर धरायची, तळहातानं दाबायची. दुसऱ्यानं आत बसून दोरी काचेच्या मध्याकडे ओढायची. दोरी निघते तसतशी रबराची आतली कड उलटून पत्र्यावर चढते. ते बघायला इतकं समाधान आहे की काय सांगू! आधी खालची बाजू, मग कोपरे, शेवटी वर. कोपऱ्यात अडलं तर बाहेरच्यानं तिथेच दाबायचं, ठोकायचं नाही. लॅमिनेटेड काचेवर एका ठिकाणी जोर आला की टर्रकन चीर जाते.

मागची काच करणार असाल तर डिफॉगरच्या वायरी आधी सोडवा.

सीलंट लावायचं का, यावर जुन्या गाड्यांच्या मंडळींत हमरीतुमरी होते. मी आधी कोरडंच बसवतो. गळलं तर न सुकणारं ब्युटाइल सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कधीच नाही, ते पत्र्याला खातं आणि पुढे तिथे रंगही धरत नाही.

[बागेतला पाइप हातात]

रबर रात्रभर बसू द्या, मग चाचणी. प्रेशर वॉशर नको, साधा पाइप. खालच्या कडेपासून सुरू करा, हळूहळू वर जा, आणि आत एकाला टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. थेंब दिसला, की तिथेच आतून खडूनं खूण करा.