पहिली वेलांटी आणि सुटलेल्या कटकटी

(नागपूरला धरमपेठेत एका वाचनालयाच्या मासिक बैठकीत बोललो ते, थोडं झाडून-पुसून. खोकला आणि मधले दोन फोन काढून टाकले आहेत.)

नमस्कार. विषय फळ्यावर लिहिलाच आहे, "ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यावर कोणत्या कटकटी सुटतात". मला चाळीस मिनिटं आहेत, त्यातली सात माझी ओळख करून देण्यात गेली, आणि त्यात मला संगणकतज्ज्ञ करून टाकलं, तर ते आधी दुरुस्त करतो. मी इथल्या महाल भागात पंचवीस वर्षं टायपिंग-डीटीपीचं दुकान चालवलं. लग्नपत्रिका, पीएचडीचे प्रबंध, तेरवीची कार्डं, कोर्टाचे कागद, सगळं टाइप केलं. एकाच माणसाची लग्नपत्रिका आणि नंतर घटस्फोटाचा अर्जही टाइप केलेला आहे, दोन्हीत नावाचं स्पेलिंग वेगळं होतं, पण ते जाऊ द्या. तज्ज्ञ माझा भाचा आहे. मी नुसता पोळलेला माणूस.

तर झालं काय, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे तुम्हाला माहीतच आहे, तुमच्याही स्क्रीनवर तो निरोप आलाच असेल. आणखी एक वर्ष वाढवून घ्यायची सोय होती, पण मी म्हटलं वर्षभरानं पुन्हा हेच, त्यापेक्षा आताच काय ते करू. माझं मशीन २०१६ चं, प्रोसेसर सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी तरी पाहिजे, वरून टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय पाहिजे. म्हणजे मशीन धडधाकट, मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना कूलरच्या दमट हवेत चालणारं, एकदा पालीचं पिल्लू पंख्यात अडकलं तरी बंद न पडलेलं, आणि ते म्हणे आता म्हातारं झालं. आमच्याकडे साठीनंतर माणसं संस्था चालवतात हो! मी भाच्याला बोलावलं आणि विंडोज काढून लिनक्स मिंट नावाची फुकट सिस्टीम टाकून घेतली.

लिनक्स माझ्यासाठी तसं नवीन नव्हतं. पूर्वी उबुंटूवाले, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार बनवणारे, मागितली तर फुकट सीडी पोस्टानं घरी पाठवायचे, २०११ पर्यंत चाललं ते. मी पण मागवली होती. परदेशातून आपल्या नावानं पाकीट आलं म्हणून पोस्टमनला चहा पाजला. सीडी बाल्कनीत कबुतरं हाकलायला टांगली, आणि त्या कामात ती उत्तम चालली, एकदाही हँग झाली नाही.

बरं, आता एक विचारतो, खरं सांगा. इथे कोण कोण कॉम्प्युटर सुरू झाल्यावर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश मारतं? हात वर करा. लाजू नका. हं, पाहा, अर्धा हॉल. अध्यक्षसाहेब, तुमचा हात अर्धवट वर आहे. आता सांगा, त्यानं होतं काय? मशीन हलकं होतं? काही होत नाही हो, स्क्रीनवरची चित्रं पुन्हा काढली जातात, बस. मी वीस वर्षं जेवायच्या आधी चित्राहुती घालावी तशी चार रिफ्रेश घालून कामाला बसलो. मिंटवर गेल्यावर पहिला महिना माझा उजवा हात रोज सकाळी तेच करायला जायचा, कोणी सांगितलेलं नसताना. बायको म्हणाली, "काय शोधून राह्यले?" आता काय सांगू तिला.

आणि ते न्यू फोल्डर! दुकानवाल्यांना विचारा. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह आणायचं, त्यात एक पिवळं फोल्डर, नाव न्यू फोल्डर, आपण उघडायला डबल क्लिक केलं की संपलं. ते फोल्डर नव्हतंच, फोल्डरचं चित्र लावलेला प्रोग्रॅम होता, शेवटी डॉट ईएक्सई, पण विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट मुळात लपवूनच ठेवतं त्यामुळे ते दिसायचंच नाही. मग आपल्या मशीनमधून पुढच्या गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमध्ये. दिवाळीचा फराळ फिरतो तसा, ताट रिकामं परत द्यायचं नाही. परवा जुना पेन ड्राइव्ह मिंटला लावला तर तो न्यू फोल्डर तिथेच, पूर्ण नावानिशी, डॉट ईएक्सई सकट, नुसता बसलेला. मी दोन मिनिटं त्याच्याकडे पाहत राहिलो. ओळखीचा गुंड म्हातारा होऊन बसस्टॉपवर दिसावा तसं वाटलं. दाबलं तरी आता काही करत नाही तो.

तर असल्या कटकटी सुटल्या, आणि मी सगळ्या मोहल्ल्यात सांगत फिरलो, सुटलो बुवा. इथपर्यंत आलो आणि काका आले.

काका आमच्या गल्लीतले, रेल्वेतून रिटायर, अजनीच्या लोको शेडमध्ये आयुष्य गेलं. त्यांनी आठवणी लिहिल्या होत्या, त्या मी २००४ साली माझ्या दुकानात टाइप केल्या, शंभर-सव्वाशे पानं, पैसे निम्मेच घेतले, काकू अजून ते काढतात. आता काकांचं सहस्रचंद्रदर्शन आलं, मुलांनी ठरवलं पुस्तक पुन्हा छापू. काका पेन ड्राइव्ह घेऊन आले. मी ऐटीत मिंटवर फाइल उघडली. पहिल्या पानावर सगळ्यात वर "श्रीराम" लिहिलेलं होतं हे मला पक्कं आठवत होतं. स्क्रीनवर होतं इंग्रजी अक्षरांचं उकडपेंड. जे, एच, जे, के, ई, मग एक कंस, मग अर्धविराम, खालपर्यंत तसंच.

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. म्हणाले, "हे इंग्रजी कोणी केलं?"

मी म्हटलं, "काका, सिस्टीम बदलली ना."

"तू सिस्टीम बदलली का माझं पुस्तक बदललं बे?"

आता यात दोष कोणाचा, तर माझा. कारण २००४ ला मी ते कृतिदेवमध्ये टाइप केलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, कृतिदेव आणि त्या पिढीचे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेले मराठी कपडे. तुम्ही राम टाइप केलं की फाइलच्या पोटात जे, के, ई बसतात. वरून र, काना, म दिसतो कारण त्या फॉन्टमध्ये जे च्या जागी र चं चित्र आहे. फॉन्ट काढला की कपडे उतरले. युनिकोडमध्ये तसं नाही, तिथे र म्हणजे र, त्याला स्वतःचा नंबर आहे, फॉन्ट कोणताही लावा. आणि युनिकोड काही कालचं पोर नाही, पहिली आवृत्ती १९९१ ची. मी २००४ मध्ये शहाणा असतो तर. पण तेव्हा गिऱ्हाईक म्हणायचं कृतिदेवमध्येच द्या, प्रेसवाला म्हणायचा कृतिदेवमध्येच द्या, बोटं रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळांना बसलेली, कोण बदलणार?

जुन्या मशीनमधून फॉन्टची फाइल आणली, मिंटमध्ये टाकली, आणि राम परत आला. काका खूश. मी पण चहा सांगितला. पण मुलगा पुण्याहून म्हणाला, "व्हॉट्सॅपवर पाठवा, मी वाचतो", पाठवलं, तर त्याच्याकडे पुन्हा जे के ई. काका म्हणाले, वर्धा स्टेशनचा किस्सा कुठे आहे शोध, मी शोधमध्ये "वर्धा" टाकलं तर मशीन म्हणतं असा शब्दच नाही. डोळ्यासमोर दिसून राह्यला, आणि म्हणे नाही! मग ठरवलं, सगळं युनिकोडमध्ये करून टाकू. भाच्यानं कुठून तरी एक कन्व्हर्टर आणला, बटण दाबलं, आणि बाहेर आलं ते ऐका.

नागपूर, बरोबर. कामठी, बरोबर. भंडारा, तुमसर, बरोबर. गोंदियाचं झालं "गोंिदया". तिरोड्याचं "ितरोडा". आणि वर्ध्याचं झालं "वधार्". काका म्हणाले, "ही कोणती लाइन काढली रे?"

मला हसू येईना, कारण मला कळलं की ही चूक माझ्या बोटांत बसलेली आहे. पाहा, शाळेत आपण ऱ्हस्व इकाराला काय म्हणायचो? पहिली वेलांटी. रेमिंग्टनवर ती खरोखरच पहिले यायची. "कि" लिहायचं तर आधी वेलांटी दाबायची, मग क, कारण कागदावर ती डावीकडे दिसते आणि टाइपरायटर डावीकडून उजवीकडे जातो. आणि रफार सगळ्यात शेवटी, व, ध, काना, आणि मग वर रफार ठेवून द्यायचा, टोपी घातल्यासारखा. म्हणजे दिसतं तसं लिहायचं. युनिकोड म्हणतं, बोलता तसं लिहा. आधी क म्हणता, मग इ. वर्धा म्हणताना ध च्या आधी र म्हणता, तर र आधी. कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी उचलून पुढे आणि प्रत्येक रफार उचलून मागे न्यायचा असतो. हा आमचा फुकटातला होता, त्यानं नेलाच नाही. म्हणून ज्या स्टेशनात ना पहिली वेलांटी ना रफार, ते शाबूत. दुसरी वेलांटी उजवीकडेच असते म्हणून कामठी वाचली. विदर्भातली अर्धी स्टेशनं मी या हिशेबानं काकांना म्हणून दाखवली, बडनेरा वाचतं, हिंगणघाट जातं, आणि काकांना इतकी गंमत वाटली की पुस्तक राहिलं बाजूला, ते मला गाड्या सांगायला लागले.

भाच्यानं मग छोटा प्रोग्रॅम लिहिला, वेलांटी एक अक्षर पुढे सरकवणारा. गोंदिया सुधारलं. पण "स्थिती" बिघडली, "स्िथती" झाली, कारण तिथे एक अक्षर सरकून भागत नाही, पूर्ण जोडाक्षर ओलांडावं लागतं. ते केलं, तर "तऱ्हा" राहिली, हा आपला अर्धचंद्रासारखा ऱ्य, ऱ्ह मधला र, तो हिंदीवाल्यांना लागत नाही त्यामुळे हिंदीसाठी केलेल्या कन्व्हर्टरला तो माहीतच नाही. दऱ्या, सुऱ्या, पायऱ्या, सगळ्या हातानं केल्या. इनस्क्रिप्टवर, म्हणजे युनिकोडसाठीच्या कीबोर्डवर, तो शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. हे मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलो. तीन आठवडे लागले आम्हाला, रोज संध्याकाळी, काका बाजूला खुर्ची टाकून, आणि प्रत्येक किश्शाच्या मागचा न लिहिलेला किस्सा तोंडी. एका ड्रायव्हरनं वाटेत गाडी थांबवून... नको, तो इथे सांगण्यासारखा नाही, काकू समोर बसल्या आहेत.

चिठ्ठी आली. "पाच मिनिटं". बरं. म्हणजे विषय आता सुरू करतो.

भराभर सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की कटकट दोन जातीची असते. एक मशीनची, ती मशीन बदललं की खरंच जाते. न्यू फोल्डर गेला. अँटिव्हायरसचं दरवर्षीचं रिन्यूअल गेलं. "सी फॉरमॅट मारून देऊ का भाऊ" गेलं, कारण सी ड्राइव्हच नाही, होम म्हणून एक फोल्डर आहे, सगळं त्यात. अपडेट आलं तर कोपऱ्यात खूण दिसते, मला पाहिजे तेव्हा करतो.

दुसरी जात फाइलच्या पोटातली. ती पेन ड्राइव्हवर बसून तुमच्या मागे येते, तुम्ही मॅक घ्या नाही तर लिनक्स टाका. कृतिदेवच्या फाइली, मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या आज्ञा, भरलेल्या एक्सेल शीट, असल्या सगळ्या. मिंटवरचं लिबरऑफिस, म्हणजे तिथलं वर्ड-एक्सेल, त्या उघडतं, पण मॅक्रो प्रत्येक वेळी चालतीलच असं नाही. म्हणून सिस्टीम बदलायच्या आधी फाइली बदला, जुनं मशीन जिवंत आहे तोवर. मी उलटं केलं.

नव्या कटकटी पण आहेत, लपवत नाही. माझ्या स्कॅनरनं महिनाभर ओळख दाखवली नाही, कंपनीचं नाव घेत नाही. डिजिटल सहीच्या टोकनसाठी अजून शेजारच्या सीएकडे जातो, तो पण आता पाहून न पाहिल्यासारखं करतो. फाइलच्या नावात मोठं आर आणि लहान आर वेगळं धरतं, त्यात माझी दोन रेझ्युमे झाली. आणि एक चांगलं, लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी केली आणि फॉन्ट नीट असला, नोटोसारखा, तर ल आपला पाकळीवाला होतो. काकांना तो दाखवला तर म्हणाले हा आमच्या शाळेतला ल आहे.

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांनी आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावरून मिंट चालवून पाहता येतं, हार्ड डिस्कला हात लागत नाही. आपला प्रिंटर, आपला स्कॅनर, वायफाय, सगळं आधी तिथे लावून पाहा. आणि बॅकअप. बॅकअप. हो साहेब, संपवतो.

काकांचं पुस्तक छापून आलं, शंभर प्रती. पान ४१ वर एक "वधार्" राहिलंच. काकांनी बैठक मारून सगळ्या प्रतींत निळ्या पेननं ते हातानं दुरुस्त केलं, र आधी, ध नंतर. दोन प्रती मी आणल्या आहेत, मागच्या टेबलावर ठेवतो, पण घेऊन जाऊ नका, काकू मोजून देतात.