आमदारांची जागा

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांबद्दल. म्हणजे आबासाहेबांबद्दल.

१९६२ साली ते पहिल्यांदा आमदार झाले, २०१४ साली अकराव्यांदा. मतदारसंघ एकच, सांगोला. पक्षही एकच, शेतकरी कामगार पक्ष. पुन्हा सांगतो, अकरा वेळा, आणि लाल बावटा एकदाही खांद्यावरून उतरला नाही.

माझं आजोळ त्या तालुक्यातलं. सहावीच्या उन्हाळी सुट्टीत मामाबरोबर पंढरपूरहून सांगोल्याला निघालो होतो. यष्टी गच्च भरलेली. मामा दारापाशी लोंबकळत होता. मला मात्र पुढं एक रिकामी सीट दिसली आणि मी टुणकन जाऊन बसलो. शेजारी गाठोडं मांडीवर घेतलेली एक म्हातारी होती. तिनं माझा दंड धरला.

"ऊठ लेकरा. आबांची जागा हाय ती."

वर पत्र्यावर रंगवलेलं होतं, 'विधानसभा सदस्य'. अशी अक्षरं प्रत्येक यष्टीत असायची, पण तिथं कुणी आमदार येऊन बसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मी उठलो. कंडक्टर म्हणाला, "आजी, आबा नाहीत आज गाडीला. बसू द्या पोराला."

"पुढच्या फाट्याला चढतील की! त्यांनी काय उभ्यानं जायचं?"

आणि श्रोतेहो, माणसं उभी होती, बायका उभ्या होत्या, पण त्या सीटवर कुणी बसलं नाही. प्रत्येक फाट्याला गाडी थांबली की म्हातारी वाकून खिडकीबाहेर बघायची. सांगोला आलं. आबा चढले नाहीत. उतरताना तिनं पदरानं त्या सीटवरची धूळ पुसली. आमदार यष्टीनं येतो, हे तिच्या लेखी सूर्य उगवण्याइतकं साधं होतं. आबासाहेब खरोखरच यष्टीनं फिरत.

हा मुलूख दुष्काळी. माणगंगेचं पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडं. तिथं आबासाहेब टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडले, सहकारी सूतगिरणी उभी केली. आज सांगोल्याचं डाळिंब लांबलांब जातं. तेवढं एक सांगू द्या, डाळिंबाचा रस काढू नका हो, दाणे सोलून, मीठ लावून खा. रसात त्या फळाची सगळी मजा जाते.

तर, अकरा वेळा विजय. पराभवही झाले, १९७२ साली आणि १९९५ साली. १९९५चा तर अवघ्या १९२ मतांनी. १९९९ला ते पुन्हा निवडून आले आणि मंत्रीही झाले. मंत्रिपद त्याआधी १९७८ सालीही मिळालं होतं. २०१९ला निवडणूक न लढवता थांबले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गेले.

आजही यष्टीत चढलो की माझी नजर आधी त्या अक्षरांकडे जाते. तिथं मी अजून बसलेलो नाही. नमस्कार.